धुळीचा कस

वजनमापे खात्यात 32 वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाचं पुढं काय करायचं, हा प्रश्न आमच्या चिरंजीवांना पुण्यात बसून पडला आणि त्यांनी मला हवा मोजायचं यंत्र पाठवून दिलं. अंगाच्या साबणाएवढं पांढरं डबडं. आत बोटभर पंखा, एक लेझरचा दिवा आणि तोंडावर एक आकडा. आकडा लहान असला की हिरवा दिसतो, मोठा झाला की पिवळा, नारिंगी, लाल असं करत शेवटी पिकून काळ्या पडलेल्या जांभळाचा रंग धरतो.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर लोकांची मापं काढलीत. आता हवेची काढा," चिरंजीव फोनवर म्हणाले. त्या वाक्यात कौतुक किती आणि 'आईच्या मागंमागं स्वयंपाकघरात फिरू नका' किती, हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

वजनावर माझी श्रद्धा आहे. एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड, या कोड्याला मी तिसरीतही फसलो नव्हतो. किलो म्हणजे किलो. मग तूर असो, तंबाखू असो नाहीतर खिळे असोत. काट्याच्या पलीकडं बसलेल्या मालाशी आम्हांला कर्तव्य नसे. शेंगदाणा खवट निघाला तर ती तक्रार दुसऱ्या खात्याची. तो बरोबर एक किलो खवट होता ना, एवढं आम्ही बघायचं.

यंत्राबरोबर आलेला कागद मी कायद्याच्या पुस्तकासारखा वाचला. हे डबडं अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण मोजतं. आपला केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड, म्हणजे हे कण केसाच्या जाडीवर वीस-पंचवीस जण सहज रांगेत उभे राहतील. एका घनमीटर हवेत असे कण किती मायक्रोग्रॅम आहेत, तो हा आकडा. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आयुष्यभर मी मापात पन्नास ग्रॅम मारणाऱ्यांच्या मागं धावलो आणि खरा माल असा नाकाखालून चालला होता! आपल्या सरकारची दिवसाची मर्यादा 60. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली सांगितलेली मर्यादा 15. एकाच मालाला दोन दुकानांत दोन मापं, तीही चौपटीच्या फरकानं. आमच्या काळी यावर पंचनामा झाला असता.

पहिला छापा अर्थात घरात पडला. सकाळी आठला यंत्र ओट्यावर ठेवलं तेव्हा आकडा 31. हिनं आमटीला फोडणी घातली आणि आकडा 40, 95, 280 असं म्हणत 612वर जाऊन उभा राहिला.

"अहो, हे लाल का झालं?"

"तुझी फोडणी धोकादायक आहे असं म्हणतंय."

"चाळीस वर्षं तुम्ही वाटीनं ओरपताय, तेव्हा नाही झालं ते लाल!"

त्या दिवशी मला बिनफोडणीची आमटी मिळाली. ती हिरव्या रंगाची नव्हती, पण चवीला तशीच होती.

दुसरा छापा देवघरावर. तिथं उदबत्ती आणि धूप यांनी मिळून फोडणीचा विक्रम मोडला. "देवाचा धूर आहे तो," ही म्हणाली, "त्याला काही होत नसतं." यंत्राला आस्तिक-नास्तिक कळत नाही, हे मी सांगू पाहिलं, तेव्हा हिनं ते डबडं उचललं आणि परसदारी नेऊन माझ्या आवडत्या जागी ठेवलं. म्हणजे मी रोज सकाळी आंब्याचा पालापाचोळा जाळतो तिथं. त्या धुरानं डास पळतात, आंब्याला मोहर चांगला धरतो, शिवाय व्यायाम होतो. आकडा 999 झाला आणि मग नुसत्याच रेघा यायला लागल्या.

"बिघडलंय," मी म्हणालो.

"बरोबर आहे. तुमच्या धुराला कोण नावं ठेवणार!"

आता सांगलीची गोष्ट. आम्ही सातारकर, पण ही मूळची सांगलीची, गावभागातली. आमचे मेव्हणे, म्हणजे बापू, अजून तिथंच असतात. सातारा आणि सांगली ही मुळात एकाच घरातली भांडी. 1949 साली सातारा जिल्ह्याची वाटणी झाली, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. धाकट्याला थोरल्याचंच नाव लावून राहणं जड जाऊ लागलं तेव्हा 1960 साली दक्षिण सातारा 'सांगली' झाला. तेव्हापासून वाटणी झालेले भाऊ जे करतात ते सगळं आम्ही करतो. कंदी पेढा श्रेष्ठ की भडंग, कृष्णा मूळची कुणाची (उगम आमच्या महाबळेश्वराला, पण पूर त्यांच्या दारात), यावर आमच्या घरी लग्नापासून खल चालू आहे. तर या बापूंना मी फोन केला.

"बापू, साताऱ्याची हवा आज 31. तुमची?"

"दाजी, आमची हवा मोजायला लागत नाही. ती नुसती घेतली तरी अंगाला लागती."

मग मी ठेवणीतला बाण काढला. केंद्र सरकारनं जानेवारी 2019मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मर्यादा वर्षानुवर्षं पाळू न शकलेल्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातून सांगली आहे. सातारा नाही.

पलीकडं दोन क्षण शांतता. मग बापू म्हणाले, "दाजी, केंद्राच्या यादीत नाव यायला शहर तेवढं मोठं लागतंय. मुंबई हाय, पुणं हाय, सांगली हाय. सातारकरांनी नाराज होऊ नये. पुढच्या वेळी बघू आपण, कुणाला सांगून."

या उत्तरानंतर प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नव्हता. जानेवारीत, ऐन गळीत हंगामात, आम्ही उभयता एसटीनं निघालो. खिडकी माझी, यंत्र मांडीवर.

महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं तिथं लाल-पिवळ्या धुळीचा लोट खिडकीतून आत आला आणि हिच्या मोत्याच्या माळेचं पोवळं झालं. आकडा 240. मी तो वहीत वेळेसह टिपला. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ वाकून बघत होते.

"बीपीचं मशीन का?"

"नाही, हवा मोजतंय."

"साखर दाखवतं का?"

"नाही."

"मग काय उपयोग," असं म्हणून ते मागं टेकले, पण पाच मिनिटांनी त्यांनी माझ्या हातातून यंत्र घेतलं, पोलीस नाक्यावर फुंकतात तशी त्यात जोरात फुंकर मारली आणि आकडा वाचून शेजाऱ्याला म्हणाले, "नॉर्मल हाय." मग ओळ लागली. कराड येईपर्यंत अर्ध्या गाडीची तपासणी झाली. एका आजींनी नातवाच्या पाठीला लावून बघितलं. वाहक शेवटी माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "डॉक्टर, माझं पण एकदा बघा."

कराडच्या पुढं मात्र माझ्या श्रद्धेला पहिला तडा गेला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आमच्या पुढं चालला होता. मोठ्यानं गाणी लावलेली, आणि धुराड्यातून डांबरासारखा काळा धूर. तो सगळा धूर आमच्या गाडीनं सरळ गिळला. मी मोठ्या आशेनं यंत्राकडं बघितलं. 58चे 71 झाले. फक्त 71! डोळ्यांतून पाणी, घशात खवखव, रुमाल काळा, आणि डबडं शांत पिवळं. नुसत्या मातीला 240 आणि या काळ्या भुताला 71? खात्यात असतो तर यंत्र तिथल्या तिथं जप्त केलं असतं.

पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगतो. गुऱ्हाळाचा धूर, वीटभट्टीचा धूर, पाचट पेटवलेल्या रानाचा धूर आणि द्राक्षाची फवारणी उरकून आलेल्या शेजाऱ्याच्या अंगरख्याचा वास, असं सगळं एकामागून एक चाखत सांगली आली. गुऱ्हाळापाशी हिनं खोल श्वास घेऊन म्हटलं, "माहेरचा वास!" आकडा तेव्हा 330 होता. मी तो वहीत टिपला, बोललो नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली आहेत.

बापूंच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी सकाळी माझं पांढरं धोतर वाळत होतं. अर्ध्या तासानं त्यावर काळी नक्षी उमटलेली. कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं, त्याचे जळके पापुद्रे वाऱ्याबरोबर उडत येतात आणि दह्यात, धोतरात, पुस्तकात जिथं जागा मिळेल तिथं बसतात. मी विजयी मुद्रेनं धोतर बापूंपुढं धरलं.

"दाजी, ही लक्ष्मी हाय," बापू म्हणाले. "हे पडायला लागलं की आम्ही म्हणतो, कारखान्याचं धुराडं पेटलं, आता बिलं निघणार. हे पडायचं थांबलं की सांगलीकराला झोप लागत नाही."

यंत्र बघितलं तर 64. धोतर काळं, आकडा जेमतेम. मी ते आपटलं, उलटं धरलं, पंख्यात फुंकलं. तेवढ्यात बापूंची मुलगी सई वर आली. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, मला मामा म्हणते आणि माझ्या वयाचा मान ठेवून माझ्या अज्ञानाचा अपमान करते.

"मामा, ते पापुद्रे मोठे असतात. नाकातच अडकतात, फार आत जात नाहीत. तुमच्या यंत्राला ते दिसतच नाहीत. जे दिसतात त्यांची भीती कमी, मामा. जे दिसत नाहीत ते आत उतरतात."

"मग ट्रॅक्टरचा धूर? तो तर बारीक असेल की!"

"फारच बारीक. हे यंत्र कणांवर लेझर टाकतं, उजेड किती विखुरला ते बघतं आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतं. खरं वजन ते करतच नाही. डिझेलच्या काजळीचे पुष्कळ कण 0.3 मायक्रॉनच्याही खाली असतात. त्यांच्याकडं याचं लक्षच जात नाही."

म्हणजे काटा नाहीच, नुसता नजर-अंदाज! आठवडी बाजारातल्या बोंबलाच्या वाट्यासारखा. मला गच्चीवर बसावं लागलं.

"आणि समजा बरोबर वजन केलं," सई थांबायला तयार नव्हती, "तरी काय कळलं? एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड?"

"सारखंच!" मी तिसरीतल्या अभिमानानं म्हणालो.

"आणि डोक्यात पडलं तर?"

32 वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता.

मग तिनं एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे. तिथल्या एका खोऱ्यात पोलादाचा कारखाना. 1986च्या ऑगस्टमध्ये मालक-कामगारांचं बिनसलं आणि कारखाना बंद पडला, तो 13 महिन्यांनी उघडला. आर्डेन पोप म्हणून एक प्राध्यापक, तेही अर्थशास्त्राचे, त्यांनी तिथल्या इस्पितळांची दप्तरं चाळली. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत छातीच्या आजारानं भरती होणारी मुलं दुप्पट-तिप्पट. बंद असलेल्या हिवाळ्यात एकदम कमी. पुढं काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी हवा मोजायच्या केंद्रावरचे जुने फिल्टर शोधून काढले, त्यांवरच्या धुळीचा अर्क बनवला आणि धडधाकट स्वयंसेवकांच्या फुप्फुसात नळीनं सोडला. वजन सारखंच, अगदी मोजून. कारखाना चालू असतानाच्या धुळीनं फुप्फुसाला सूज आली, बंद काळातल्या धुळीनं तेवढी आली नाही. फरक धातूंचा होता. तांबं, जस्त, लोह.

"थांब," बापू म्हणाले, "त्या लोकांनी स्वतःहून फुप्फुसात धूळ घालून घेतली? पैसे मिळाले?"

"मिळाले असतील."

"बघा दाजी! आणि आपण एसटीला उलट तिकिटाचे पैसे देतोय."

सई म्हणाली, फुप्फुसात गेलेली काही धूळ नुसती पाहुण्यासारखी बसून राहते आणि काही गंज चढवायला लागते. लोखंडाला चढतो तसाच. धुळीची ही गंज चढवायची ताकद प्रयोगशाळेत मोजता येते. 2020 साली 'नेचर'मध्ये युरोपातल्या हवेचा असा हिशोब आला. वजनात भरणा होता माती आणि क्षारांचा. पण गंज चढवण्यात पुढं होते लाकूड जाळून निघालेल्या धुरातून बनलेले कण आणि गाड्यांच्या ब्रेक-टायरच्या झिजेतले धातू. मी लगेच वहीत लिहिलं : ब्रेक जपून लावणे. मग आपल्या घाटांतले बसचालक आठवले आणि खोडलं.

"आणि आमच्या चिपाडाच्या धुरात काय असतं?" बापूंनी विचारलं. आवाजात काळजी नव्हती, उमेदवारी होती.

"त्यात पोटॅशियम असतं. आणि लेव्होग्लुकोसान. लाकूड, पाचट, चिपाड काहीही जळलं की ते तयार होतं. हवेत ते सापडलं की शास्त्रज्ञ ओळखतात, कुणीतरी काडीकचरा जाळलाय."

"ते लेव्हो म्हणजे काय असतं?"

सई जरा घुटमळली. "म्हणजे... रसायनाच्या भाषेत... ती एक प्रकारची साखरच."

बापू उठून उभे राहिले. "दाजी! साखर! आमच्या धुरातसुद्धा साखर हाय! साताऱ्याच्या धुळीत काय हाय? माती!"

सईनं पुढं त्या साखरेबरोबर जे निघतं त्याची यादी सांगितली, पण ती कुणी ऐकली नाही. बापू जिन्यावरूनच शेजाऱ्याला ओरडून सांगत होते. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पक्की झाली की सांगलीची हवा गोड असल्याचं अमेरिकेत सिद्ध झालंय.

विजयाच्या भरात बापूंनी मला हळदीच्या बाजारात नेलं. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी मला रिक्षात दोनदा आणि उतरल्यावर एकदा सांगितलं. एका गोदामात हळकुंडांना पॉलिश करायचं पिंप फिरत होतं. हवा इतकी पिवळी की खंडोबाच्या जत्रेत उभं राहिल्यासारखं वाटलं. यंत्र म्हणालं 870. मी ते बापूंना दाखवायला तोंड उघडलं आणि शिंका सुरू झाल्या. सतरा. मोजण्याची सवय जात नाही.

"शिंकून घ्या, दाजी. औषध हाय ते. लोक दुधातनं घेतात, तुम्ही डायरेक्ट घेताय."

परत निघताना हिनं मला आरशापुढं उभं केलं. हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसत होतो, फक्त चाळीस वर्षं उशिरा.

सातारची इभ्रत राखणं भाग होतं. आषाढात बापू सहकुटुंब आले, तेव्हा मी त्यांना महाबळेश्वरी नेलं. तिथं आकडा पाचच्या वर जाणारच नाही, अशी पैज लावली. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या गावाला चारचौघांत चांगलं म्हणायचं. अशी जीवघेणी पैज मी पुन्हा लावणार नाही.

धुकं असं की स्वतःचा हात खांद्यापर्यंतच दिसत होता. झाडांवरून पाणी गळत होतं, मातीचा कण उडायची शक्यता नव्हती. मी छातीभर श्वास घेतला, यंत्र चालू केलं आणि बापूंच्या पुढं धरलं. 480. जांभळं.

"दाजी," बापू अत्यंत सहानुभूतीनं म्हणाले, "सगळ्यांनी नाकाला रुमाल लावायचा का?"

सई हसत सुटली. धुक्याचे थेंब म्हणजे पाणी, पण डबड्याच्या लेझरला थेंब काय, धूळ काय, उजेड विखुरला की झालं. दमट हवेत ते बहकतंच. म्हणून खरे शास्त्रज्ञ हवा आधी कोरडी करतात, मग मोजतात. आणि खरे शास्त्रज्ञ तिथून हाकेच्या अंतरावरच होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा महाबळेश्वरात 2012 पासून आहे, सुमारे 1350 मीटर उंचीवर. ढगाला तिथं फार शोधावं लागत नाही, तो खिडकीतून आत येतो. त्यांच्या यंत्रांना कणांत सल्फेट किती, सेंद्रिय द्रव्य किती, काजळी किती हे वेगवेगळं सांगता येतं. आणि ढगाच्या प्रत्येक थेंबाच्या पोटात बसायला एक कण लागतोच. कण नाही तर थेंब नाही, असं सई म्हणाली.

"म्हणजे हवेत धूळ नसली तर पाऊस नाही?" बापूंनी खुंटा हलवून बघितला.

"साधारण तसंच."

"आणि वारा इकडं आला म्हणजे आमच्याकडची धूळ इथवर येत असंल की."

"येऊ शकते, बाबा."

"दाजी, म्हणजे तुमचा पाऊस आमच्या धुरावर पडतोय! आणि बिल कोयनेला लागतंय!"

त्या संध्याकाळी हॉटेलात मला चारचौघांत, वाढप्यासकट, "सांगली चांगली आहे" असं म्हणावं लागलं. बापूंना ते नीट ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

रात्री झोप आली नाही. सईला विचारलं, एवढं सगळं कळतं तर सरकार धुळीत काय आहे ते बघून मर्यादा का ठरवत नाही? वजनावर का अडलंय? ती म्हणाली, कुठली धूळ किती वाईट याची उतरंड पक्की लावण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही, आणि मातीची धूळ जरी सौम्य म्हटली तरी खडीक्रशरवरच्या मजुराला विचारा. त्यामुळं सध्या सगळ्यांना एकच काटा. हे ऐकून मला माझं खातं आठवलं, बरं वाटलं आणि झोप लागली.

तुळशीच्या लग्नानंतर विट्याला हिच्या नात्यात लग्न निघालं. तिथं हिचे चुलतमामा भेटले. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं देशभर सोनं-चांदी गाळायला गेलेली असतात, त्यांना गलाई बांधव म्हणतात. मामांनी चाळीस वर्षं कोइमतूरला भट्टी चालवली. मूस, तेजाब आणि पिवळा-तांबडा धूर यांत जन्म गेला. आता घर बांधलंय, गाडी आहे, आणि दर तीन वाक्यांनी खोकला आहे.

पंगत उठल्यावर माझी वही त्यांच्यापुढं उघडली गेली. सातारा 31, महामार्ग 240, गुऱ्हाळ 330, हळद 870, महाबळेश्वर 480. मामांनी चष्मा वर सरकवून सगळी पानं पाहिली.

"हे समदं वजन झालं, पावणं. कस कुठं हाय?"

"म्हणजे?"

"सोनाराच्या दुकानातला केर आम्ही इकत घ्यायचो. झाडलेली धूळच ती. दोन दुकानांची दोन पोती, काट्यावर सारखीच भरायची. पर एका पोत्यात तोळाभर निघायचं आन् दुसऱ्यात नुसती रांगोळी. ज्यानं वजनावर सौदा केला त्यो बुडला." मामा खोकले. "आन् ह्यो तेजाबाचा धूर चाळीस वर्षं वडला. त्यो किती ग्रॅम असंल? चिमूटभर बी नसंल."

सईनं माझ्याकडं पाहिलं. मी वहीकडं पाहिलं. बापू आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते, पण ते बहुधा बासुंदीमुळं असावं.

मामांनी मग यंत्र हातात घेतलं, खिशातल्या चाकूनं त्याचं झाकण उचकटलं आणि आतली हिरवी पट्टी उजेडाकडं धरली. चाळीस वर्षांची नजर पट्टीच्या कडेवर थांबली.

"ह्यात हाय बरं का."

"काय?"

"सोनं. लई न्हाई. ह्या कडंला मुलामा हाय. गुंजेचा शंभरावा हिस्सा निघंल."

इतक्या महिन्यांत त्या डबड्याकडून माझ्या कानावर पडलेली ही पहिली खात्रीची गोष्ट. "कसं काढायचं?" मी विचारलं.

"आदी जाळायचं. मग तेजाबात टाकायचं."

"आजोबा, नको!" सई उठलीच. "असलं प्लॅस्टिक आणि धातू जाळल्यावर जो धूर निघतो त्याच्याइतका घाणेरडा—"

"किती ग्रॅम निघंल?" बापूंनी विचारलं.

सईनं कपाळाला हात लावला. मामा तोवर परसात शेणकुटं बघायला गेले होते. बापूंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"दाजी, पोरगी म्हणती त्यात तथ्य हाय. इथं नको जाळायला. मायणी काय लांब नाही, गाडी काढतो." आणि मी विचारायच्या आत त्यांनी स्वतःच खुलासा केला, "ते सातारा जिल्ह्यात येतं."